मांडीखाली हात ठेवायला लावणारे सर

चुकीच्या बाजूनं दार ओढणाऱ्या माणसाची वकिली करणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच होता, आणि तो सहा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसत होता. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी डेटाबेस शिकवते, ते युजर एक्सपिरियन्स डिझाइन शिकवायचे. म्हणजे अ‍ॅप असो, वेबसाइट असो की लिफ्टमधली बटणं, ती माणसाला डोकं न खाजवता वापरता कशी येतील याचं शास्त्र. आमच्यातल्या निम्म्या प्राध्यापकांना हा विषय म्हणजे पडद्यांचे रंग निवडण्याचा उद्योग वाटायचा. सर कबनूरचे, यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेले, त्यामुळे साधं बोलणंही ओरडून. स्टाफरूममध्ये ते "चहा घ्या, मॅडम" म्हणाले की खाली फाटकावरचा शिपाई वर बघायचा. त्यांचा सिद्धांत एकच, "माणूस चुकत न्हाय, वस्तू चुकती." कुणाच्या हातून चहा सांडला तरी ते आधी कपाचा कान तपासायचे.

शाहूपुरीत एका कापडाच्या दुकानाला काचेचं नवं दार बसलं होतं. ढकलायचं दार, पण त्याला धरून ओढावं असा झकास पितळी दांडा. सर समोरच्या फुटपाथवर वही घेऊन तासभर उभे. गिऱ्हाईक येतंय, दांडा ओढतंय, दार हलत नाही, गिऱ्हाईक ओशाळतंय. शेवटी मालक बाहेर आले. "पावणं, काय पायजे?" सर म्हणाले, "कायबी नको. तुमचं दार बघतोय." मालकांनी दारावरचा कागद दाखवला, "ढकला म्हणून लिवलंय की हितं!" "दाराला लिवायला लागतंय म्हंजे दार चुकलंय की," सर म्हणाले, आणि भर रस्त्यात दोघांचा असा वाद जुंपला की मी, सरांच्या सोबतीनं आलेली, शेजारच्या दुकानात शिरून न लागणारे रुमाल बघत राहिले. पण आठवड्याभरात मालकांनी तो दांडा काढला, आणि सरांना चहाला बोलावलं. तिथं सर पुन्हा ट्रेबद्दल काहीतरी बोललेच.

वर्गात त्यांची एक रीत होती. मुलांनी अ‍ॅप बनवलं की ते खऱ्या माणसाच्या हातात द्यायचं आणि बनवणाऱ्यानं शेजारी बसायचं, दोन्ही हात मांडीखाली दाबून, तोंड बंद. समोरचा अडखळला तरी "हितं दाबा" म्हणायचं नाही. कोल्हापूरच्या पोराला गप्प बसायला सांगणं म्हणजे काय शिक्षा आहे, हे बाहेरच्याला कळायचं नाही. घामाघूम व्हायची पोरं. त्यातून आमच्याकडची दुसरी अडचण म्हणजे इथल्या माणसांचा जीव लावायचा स्वभाव. पोरं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत गेली होती, कामगारांना रजेचा अर्ज फोनवरून करता यावा असं अ‍ॅप घेऊन. एका मामांनी ते दहा मिनिटं उलटंसुलटं केलं, त्यांच्या जाड बोटाला ते बारकं बटण काही सापडेना, आणि शेवटी फोन परत देत म्हणाले, "लय भारी केलंयसा. नाद खुळा!" पोरं खूश. सरांनी त्यांना जिन्यात गाठलं. "आरं, तुम्ही लांबनं आलाय, पोरं हायसा, म्हणून त्यानी तुमचं मन राखलं. कोल्हापुरात कसं वाटलं म्हणून इचारायचं न्हाय. नुसतं बघायचं." पोरांनी ते बटण पाच वेळा बदललं. पाचव्यांदा मामांचा अर्ज गेला, तेव्हा मामा काहीच बोलले नाहीत, नुसते कामाला लागले. आणि सर जिन्यात एकटेच हसत उभे राहिले, हे मी स्वतः पाहिलंय.

एवढं सगळं करणारा माणूस आमच्याकडे कायम मात्र नव्हता. त्यांची नेमणूक दरवर्षी नव्यानं व्हायची आणि विषय ऐच्छिक. तीस मुलांनी निवडला तरच विषय, आणि विषय असला तरच सर. दरवर्षी जून उजाडला की त्यांच्यापेक्षा मीच मुलांचे आकडे मोजत बसायचे. ते आपले मुलांना सांगत फिरायचे, "नोकरी झटक्यात पायजे आसंल तर एआय घ्या. माझ्याकडं आला तर नुसतं बघायला शिकशीला." आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तो इतक्या मनापासून!

आता जे सांगायचं ते सांगते. दोन वर्षांपूर्वी विषय निवडायचा ऑनलाइन फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी तो एका दुपारी उरकला. सर म्हणाले होते, "मॅडम, आदी चार पोरांकडनं भरून घ्या की." मी म्हटलं, "वेळ कुठाय हो, सर? एवढासा तर फॉर्म." त्या एवढ्याशा फॉर्ममध्ये यादीतला पहिला विषय, म्हणजे एआय, आधीच निवडलेला होता. दुसरा हवा असेल तर तो निवडून वरचं बारीक "जतन करा" दाबायचं. पण खाली मी हौसेनं एक मोठं हिरवं "पुढे चला" ठेवलं होतं. जतन न करता ते दाबलं की निवड पुसली जायची आणि एआय नोंदलं जायचं. मुलं लॅबमध्ये फॉर्म भरत होती तेव्हा देखरेखीला नेमके सरच होते. यादी लागली. सरांच्या विषयाला एकोणीस.

आठ दिवसांनी एक मुलगी सांगत आली, "मॅडम, मी सरांचा विषय घेतलता, एआय कसं आलं?" मग तिची मैत्रीण, मग आणखी कोणी. मी तशीच प्राचार्यांकडे धावले. ते म्हणाले, वेळापत्रक झालंय, पण मुलांनी लेखी अर्ज दिले तर बघू. मी वर्गावर्गांत गेले. ज्यांनी सरांचाच विषय निवडला होता ती मुलंही खाली बघत म्हणाली, "ऱ्हाऊ द्या की, मॅडम. घरच्यास्नी एआयच बरं वाटतंय." अर्ज आले चार.

मी सरांसमोर रडले. खरंच रडले, भर स्टाफरूममध्ये. "तुम्ही तिथं होता. तुम्हाला दिसलं असणार. बोलला का नाहीत?" पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "दिसलं की. तिसऱ्या पोरालाच दिसलं. पर बोललो आसतो तर माझ्याच पोटासाठी बोलल्यागत झालं आसतं." मी माफी मागायला लागले तर मला थांबवून म्हणाले, "फॉर्म चुकला, मॅडम. तुम्ही न्हाय." सहा वर्षं ते वाक्य ऐकून मी हसत आले होते. त्या दिवशी ते मला सोसलं नाही. आजही सोसत नाही.

सर पुण्याला गेले. तिथं एका कंपनीत ते दवाखान्यांसाठी स्क्रीन बनवतात, पगार आमच्या दुप्पट आहे, आणि मला त्यांची रोज आठवण येते. स्टाफरूम आता इतकी शांत असते की पंख्याचा आवाज ऐकू येतो. यंदा तो विषय परत आला, वरूनच आदेश आला की ठेवा म्हणून, आणि शिकवायला कोण, तर मी. पहिल्या तासाच्या आदल्या दिवशी मी सरांना फोन केला. एक दिवस तरी या, म्हटलं. ते नेहमीसारखं ओरडून म्हणाले, "मला कशाला, मॅडम? जावा की वर्गात." मग विचारलं, "पोरं किती हायत?"

"अडतीस," मी म्हटलं.

ते म्हणाले, "नावं वाचून दावता का?"

मी हजेरीपत्रक उघडलं आणि पहिल्या नावापासून वाचायला लागले. प्रत्येक नावाला ते "हां" म्हणत होते. विसाव्या-बाविसाव्या नावापाशी तो "हां" बारीक झाला, तिसाव्याला आलाच नाही. मी थांबले नाही, उरलेली आठ नावं हळूहळू वाचली. शेवटचं नाव झालं तरी मला फोन ठेववेना.