सुरईवर मी पाडलेला उजेड

कसं सांगू बाई तुम्हाला! आधी चहा संपवा, नाहीतर हसताना सांडाल. मी एकटीनं अख्ख्या महाराष्ट्रासमोर सासरची अब्रू घासून काढली, आणि तीसुद्धा चिंच-राखेनं!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. आम्ही कराडला राहायचो. सासूबाईंकडे, म्हणजे आमच्या आत्याबाईंकडे, आटपाडीच्या माहेरची एकच वस्तू होती. हुक्क्याची काळीभोर सुरई, अंगावर चांदीची वेल. त्यांच्या आईनं दिलेली. आई गेल्यावर तेवढीच खूण उरली होती. त्यात त्या मोरपिसं खोचून ठेवायच्या.

पुण्याला माझ्या नणंदेकडे टीव्ही होता. त्यावर एक तज्ज्ञ यायचे आणि लोकांच्या घरातल्या जुन्या वस्तू पाहून त्यांचं मोल सांगायचे. आमच्या ह्यांनी सुरईचा फोटो धाडला, तर चक्क मुंबईला बोलावणं आलं!

"आई आणि सुरई, दोघींना घेऊन जातो," हे म्हणाले.

झालं! टीव्हीवर काळं भांडं दिसलं तर लोक कुणाला हसतील? मलाच ना! सून काय घरात माशा मारते? आमच्याकडं पाव्हणा आला की आधी तांब्याकडं बघतो, मग सुनेकडं.

आत्याबाई देवळात गेल्या आणि मी चिंच भिजवली.

शेजारच्या मालनकाकू डोकावल्या. "चिंचंनं काय हुतंय, पोरी? लय वर्सांचं किटण हाय त्ये. राख घे."

राखेनं जरासं निघालं.

"आता इटंची भुकटी घे. न्हाईतर थांब, संगमावरची वाळू आनते!"

अहो, खांदे निखळले माझे! शेवटी सुरई पांढरीफटक झाली. वेल मात्र दिसेना.

"काकू, नक्षी गेली की वो!"

"आगं, मळामुळंच दिसत हुती ती!"

आणि मला ते पटलं! सुरई नव्या पंच्यात गुंडाळली आणि आत्याबाईंना बजावलं, "आत्ता सोडू नका हं, तिथंच बघा."

कार्यक्रमाच्या दिवशी मी पुण्याला नणंदेच्या टीव्हीसमोर. आळीतल्या सगळ्या बायका जमलेल्या. टीव्ही काळा-पांढरा, त्यात माणसंसुद्धा राखाडी दिसायची. मी मेलीनं उजळलं होतं कुणासाठी?

पडद्यावर आत्याबाईंनी पंचा सोडला आणि सुरई फिरवून फिरवून वेल शोधायला लागल्या. तज्ज्ञ एकदा फोटोकडे बघतात, एकदा सुरईकडे.

"आजी, हे बिदरचं काम. संग्रहालयात ठेवावी अशी वस्तू! पण हिचा काळा रंग कुठं गेला? तो मळ नसतो हो, मुद्दाम चढवलेला असतो. त्यावरच तर चांदी उठून दिसते!"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. आता माझं नाव निघणार!

आत्याबाईंनी सुरईवरून हात फिरवला. मग त्यांनी मान वर केली.

"म्याच घासली, सायेब. आमच्यात चारचौघांत काळं भांडं न्हेत न्हाईत."

बायका हसत होत्या आणि मी ढसाढसा रडत होते. आईची एवढी एकच खूण, आणि तिची वाट लावणाऱ्या सुनेला त्या माऊलीनं पदराआड घेतलं. आजही आठवलं की हात आपोआप जोडले जातात.

तज्ज्ञही देवमाणूस. चांदी शाबूत होती. त्यांनी सुरई बिदरच्या कारागिरांकडे धाडली. तिथल्या किल्ल्याची माती लावून ती पुन्हा काळी झाली आणि वेलही दिसायला लागली.

मी आत्याबाईंचे पाय धरले. "माझं नाव का नाही घेतलंत?"

"येडी का खुळी तू? घासलीस ती माझ्या अब्रूसाठीच न्हवं?"

दिवाळीला आत्याबाई अंघोळीच्या पाटावर बसल्या. माझा ऊर कृतज्ञतेनं भरून आलेला. उटण्याची वाटी घेऊन गेले आणि म्हटलं, "आत्याबाई, आज पाठ मी चोळते."

त्या पाटावरून टुणकन उठल्या.

"लांब हो, लांब! मी बी जुनी हाय, काळी हाय, अन् मला बिदरला धाडलंस तरी परत रंग चढायचा न्हाई!"