बटणांचं ताट

आमच्या आत्याला घरात सगळे ठिणगी म्हणतात, अर्थात तिच्या पाठीमागे. ती चिडली की आधी चष्मा काढते, पदराने पुसते, परत लावते आणि मगच तोंड उघडते. चष्मा निघालेला दिसला की दाराशी आलेला लाँड्रीवाला कपडे खुर्चीवर टाकून जिना उतरतो.

तिने लग्न केलं नाही, भावाजवळ राहिली. भाऊ म्हणजे माझे बाबा. ते शर्ट शिवायचे, ही एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासायची. रविवारच्या पुरवणीत तिचं इंग्रजी शब्दचक्र यायचं. गोलात सहा अक्षरं, मधे एक. तीच सात अक्षरं हव्या तितक्या वेळा वापरून लांब लांब शब्द करायचे आणि मधलं अक्षर प्रत्येक शब्दात हवंच. ती निवृत्त झाली तरी चक्र तिच्याकडेच राहिलं.

मग बाबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, डोकं मात्र शाबूत. दुकानाला कुलूप लागलं तेव्हा आत्याने तिथली उरलेली बटणं घरी आणली, त्यांवर नेलपॉलिशने इंग्रजी अक्षरं काढली आणि सगळी पसरट ताटात ओतून ताट बाबांच्या मांडीवर ठेवलं. त्या दिवसापासून चक्र दोघांचं झालं. बाबा डाव्या बोटाने बटणं सरकवायचे, ती शब्द उतरवून घ्यायची. नियम तिचा, आणि एकच. शब्द माणसाच्या तोंडी असलेला हवा.

"कनेक्शन घे, दादा. गॅसवाल्याशी आपण त्यावरूनच भांडतो," असं ती म्हणायची. त्याच अक्षरांतून बाबांनी अटेन्शन लावला, इनोसन्ट लावला. त्यांचा तो आठवडा फार छान गेला.

पुरवणीला नवा प्रमुख आला, त्याला आम्ही पुरवणीसाहेब म्हणायचो. त्याचा फोन आला तेव्हा आत्या फोन घेऊन स्वयंपाकघरात आली, म्हणजे बाबांना ऐकू जाऊ नये. मी कणीक मळत होते.

"मॅडम, तुमच्या उत्तरांत कॉन्कॅटिनेशन नाहीये, म्हणजे एकापुढे एक जोडणं. सातही अक्षरं वापरणारा शब्द आहे तो. आमच्या सॉफ्टवेअरने चुटकीसरशी काढला."

"मलाही दिसला होता. मीच गाळला. तुम्ही घरी कुणाशी बोलताना वापरलाय का कधी?"

"प्रश्न तो नाहीये, मॅडम."

"माझा तोच आहे," म्हणून तिने फोन ठेवला. मला म्हणाली, "दादाला बोलू नकोस. उगाच जिवाला लावून घेईल." पुढचं चक्र दोघांनी नेहमीसारखं लावलं आणि तिने ते पाठवून दिलं.

रविवारी भलतंच चक्र छापून आलं. अक्षरं वेगळी, शब्द वेगळे, आणि वर नाव आत्याचं. लाँड्रीवाला वर येऊन म्हणाला, "आत्याबाई, या वेळी मजा आली हो. काय एकेक भारी शब्द." आत्याने चष्मा काढला. तो नेहमीप्रमाणे गेला.

बाबांनी ते पान बराच वेळ पाहिलं. मग ताट ढकललं. बटणं फरशीवर, पलंगाखाली, कपाटामागे गेली. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. त्यांना वाटलं, बहिणीने आपल्याला वगळून दुसरंच चक्र लावलं आणि आपलं नुसतं मन राखायला खेळवलं.

"दादा, हे मी केलेलं नाही. त्या गाढवाने केलंय." ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली. बाबांनी मान वळवली नाही. का वळवतील? आजारपणात आम्ही सगळे त्यांच्याशी गोड गोड खोटंच बोलत होतो. महिन्याभरात चालायला लागाल, दुकान उघडू, हात सुधारतोय. त्या ढिगात हे आणखी एक. मला त्या दिवशी आम्हा सगळ्यांचाच संताप आला, पण पुरवणीसाहेबाचा सगळ्यात जास्त.

दुसऱ्या दिवशी मी आत्याबरोबर कचेरीत गेले.

"अहो, तुमचा मान म्हणून नाव ठेवलं. वाचकांना सवय आहे," तो हसून म्हणाला.

"माझा मान माझा मी बघीन. तुमच्यामुळे मी माझ्या भावापुढे खोटी पडले. चक्र घ्या, पुरवणी घ्या, काय हवं ते घ्या. फक्त ते माझं नव्हतं, एवढं छापा."

"असलं काही आम्ही छापत नाही."

आत्या खुर्चीत बसली आणि चढ्या आवाजात बोलू लागली. ती त्याला चोर म्हणाली, लबाड म्हणाली, ज्याने त्याला नेमलं त्याचाही उद्धार केला. टेबलांवरची मंडळी खाली माना घालून ऐकत होती. मुद्रितं तपासणाऱ्या तिच्या जुन्या सोबतिणी तर कागदाआड हसत होत्या. शेवटी तिचा आवाज बंद व्हावा म्हणून तो कबूल झाला.

रविवारी हवामानाखाली बारीक टाइपात ओळ आली. 'गेल्या अंकापासून शब्दचक्र आमचा विभाग तयार करत आहे. पूर्वीच्या संकलिका प्रकृती अस्वास्थ्यामुळे काम थांबवत आहेत.'

आत्याने वाचलं आणि जी सुटली ती थांबेना. "अस्वास्थ्य? मला? माझ्या वयाला तुझी हाडं चालतील का रे मेल्या?" शेजारचं दार उघडलं आणि चटकन लागलं. मी तिच्या हातातलं पान घेऊन बाबांपुढे धरलं. त्यांनी ओळ वाचली. मग शिव्या घालत येरझाऱ्या घालणाऱ्या बहिणीकडे पाहिलं, पुन्हा ओळीकडे पाहिलं, आणि त्यांच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला. त्यांना ठसका लागला असं वाटून मी पाण्याला धावले. ते हसत होते.

आत्या मधेच थांबली. "हसतोस काय," ती म्हणाली. बाबांनी डाव्या हाताने मांडीवरची ताटाची जागा थोपटली. आत्याचं तोंड पुन्हा सुरू झालं, पण ती गुडघे टेकून पलंगाखाली वाकली आणि आठवडाभर तिथेच पडलेली बटणं गोळा करू लागली.