चुलत्यांनी मागितलेला ईमेलचा कायदा

माझे थोरले चुलते माण तालुक्यातले. फौजेतून निवृत्त झाल्यावर आमच्याकडे सांगलीला राहायला आले. मोबाइल साधा, बटणांचा. ईमेल मात्र माझ्या हळदीच्या दुकानातल्या संगणकावर बघायचे. लेकीनं बंगळुरूहून नातीच्या बारशाचे फोटो पाठवले, ते पोचलेच नाहीत. ईमेलमध्ये जागाच उरली नव्हती. भरलं होतं काय, तर केस उगवणारं तेल आणि दुबईतले फ्लॅट. चुलत्यांना तिशीपासून टक्कल आहे.

प्रत्येक जाहिरातीखाली ‘हे मेल नको असल्यास इथे दाबा’ असं असायचं. त्यांनी इमानदारीत सगळीकडे दाबलं. मेल आणखी वाढले. पत्ता वापरात आहे, एवढंच त्या मंडळींना कळलं असणार.

“ह्यावर कायदा न्हाई व्हय रं?” त्यांनी मला विचारलं.

मी त्यांना शेजारच्या वकिलांकडे नेलं. वकील म्हणाले, “काका, नकोशा फोनला आणि मेसेजला नियम आहेत. ईमेलसाठी असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही.”

“मंग करायला सांगू. निवडून कशापायी दिलंय?”

आम्ही आमच्या लोकप्रतिनिधींच्या जनता दरबारात गेलो. पुढे सगळे रस्त्याचे आणि पाण्याचे तक्रारदार. चुलत्यांचं ऐकून साहेबांनी चेहरा गंभीर केला. “फार महत्त्वाचा विषय. सभागृहात मांडतो,” म्हणाले आणि सहायकाकडे बघितलं. सहायकानं पाठपुराव्यासाठी म्हणून चुलत्यांचा ईमेल लिहून घेतला.

पाठपुरावा लगेच सुरू झाला. सकाळी साहेबांच्या शुभेच्छा, दुपारी साहेबांनी फोडलेले नारळ, संध्याकाळी साहेबांच्या मेहुण्याच्या गृहप्रकल्पात नागरिकांना खास सवलत. यात तर ‘नको’ म्हणायचं बटणही नव्हतं.

आम्ही पुन्हा गेलो. चुलते शांतपणे म्हणाले, “माझं नाव काढा.”

“काका, हे पुण्याची एजन्सी पाठवते,” सहायक म्हणाला. “आमच्या हातात नाही. साहेबांनासुद्धा जाहिराती येतात की.”

“मंग साहेब काय करत्यात?”

“ते ईमेल उघडतच नाहीत.”

चुलते उठले आणि थेट रिक्षात जाऊन बसले. दुकानात आल्यावर म्हणाले, “बंद कर हे खातं. कायमचं.”

बंद करताना संगणकानं कारण विचारलं. चुलत्यांनी ते फौजेतल्या हिंदीत, सविस्तर सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. मी ‘इतर’वर टिचकी मारली.