ओलं धोतर आणि खाटेखालची शेगडी

मैत्रिणींनो, हा कागद आजच आपल्या मंडळातल्या घराघरांत फिरवते आहे.

माझी लेक सुमन पहिल्या बाळंतपणाला आली आहे, बाळ नुकतंच झालंय. आज अंगणात जाऊबाई काजू भाजत होत्या. तो धूर किती झोंबतो, तुम्हाला ठाऊकच आहे. तान्ह्याला त्रास नको म्हणून मी जुनं धोतर दुहेरी करून कामट्यांच्या चौकटीवर ताणलं, भिजवलं आणि बाळंतिणीच्या खोलीच्या अंगणाकडच्या खिडकीत घट्ट बसवलं. मागची खिडकी लावून घेतली, दाराच्या फटींतही ओल्या चिंध्या कोंबल्या. बघता बघता धोतर काळवंडलं, पण आत धुराचा वाससुद्धा नाही! मी खूश.

थोड्या वेळाने पेज घेऊन गेले, तर सुमन पडल्या पडल्या पुटपुटली, "आये, माजा डोक्या फुटता गो. माका उठूक येना नाय." बाळ मलूल, हलवलं तरी रडेना.

मी किंचाळले. जाऊबाई धावत आल्या. त्यांनी बाळाला उचलून बाहेर नेलं, मी सुमनला ओढत आणलं.

"भायरचो धूर अडयलंस, आणि खाटेखालची शेगडी कोण गो इझयतलो? तुजो बापूस?" जाऊबाई माझ्यावर ओरडल्या.

शेकासाठी ठेवलेले निखारे. त्यांना धूर नव्हता, म्हणून मला ते आठवलेच नाहीत; पण त्यांचा न दिसणारा विषारी वायू बंद खोलीत कोंडला होता.

मोकळ्या हवेत बाळ रडलं, सुमनही उठून बसली, तेव्हा मी आत जाऊन शेगडी बाहेर काढली.

चौकट उद्याही लावीन, पण शेगडी पडवीत राहील आणि मागची खिडकी उघडी. तुमच्या घरी बाळंतीण आहे का? मग आधी तिच्या खोलीत जाऊन या. कागद पुढच्या घरी नंतर द्या.