होडी सोडावी की नको

सुहासिनीताईंच्या दुकानावर पाटी होती, 'ओन्ली लेडीज'. अंबरनाथ पूर्वेला, पालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावर, दोन मशिनी मावतील एवढंच दुकान. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली हँगरला ओळीने लावलेले ब्लाऊज. दुपारचं तिरपं ऊन आत आलं, पंखा हळू फिरायला लागला, की ते ब्लाऊज असे हलायचे, जणू बायका नुकत्याच त्यांतून निघून कुठेतरी गेल्या आहेत.

ताई सत्तेचाळिशीच्या. उल्हासनगरच्या कारखान्यात जीन्सचे पट्टे शिवता शिवता हात बसला, मग हे दुकान. लग्न केलेलं नव्हतं. का, हे मी तिसऱ्याच भेटीत विचारून मोकळी झाले होते, माझी जीभ तशीच. "राहून गेलं," एवढंच त्या म्हणाल्या आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.

दोन हजार सहा साली तो सिनेमा आला. जुन्या, गाजलेल्या कादंबरीवरचा, इंग्रजांच्या काळातला, खाडीकाठच्या प्रेमाचा. बदलापूरपासून उल्हासनगरपर्यंत बायका बघून आल्या आणि सरळ ताईंच्या दुकानात शिरल्या. सगळ्यांना नायिकेचं पोलकं हवं होतं, कोपरापर्यंत फुगीर बाहीचं, लेस लावलेलं. गंमत अशी, की एकीला ती बाही मोतिया रंगाची आठवायची, दुसरीला अंजिरी. ताईंनी सिनेमा पाहिलेला नव्हता. बायकांच्या तोंडून ऐकून ऐकून त्यांनी तो मनातच उभा केला होता. बोलताना त्या खाडीचं पाणी, भरतीचा वास, खिडकीतला कंदील असं सांगायच्या, की मी दोनदा पाहून आलेली बाई चाट पडायचे.

सिनेमाचा शेवट असा. नायक आईच्या धाकाने नायिकेला सोडून जातो. चौदा वर्षांनी परततो, पलीकडच्या काठावर उभा राहून हाक मारतो. होडी हिच्या काठाला बांधलेली. ती दोराला हात लावते, पण सोडत नाही. बस, तेवढ्यावर पडदा.

माप घेता घेता ताई प्रत्येकीला विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं? होडी सोडायला हवी होती का?"

आणि मतांना काय तोटा! कॉलेजातली मनाली म्हणाली, "चौदा साल कोण वेट करतं, ताई? मी तर पहिल्याच महिन्यात नंबर डिलीट केला असता." मोरिवलीच्या द्रौपदीबाई आयुष्यात तिसऱ्यांदा थिएटरात गेल्या होत्या, नातीने नेलं म्हणून. त्या रडून आल्या होत्या. "होरी सोरली असती तं काय झालं असतं गो? मानुस दमून आला व्हता." उल्हासनगरच्या कॅम्पातल्या सिंधी लेसवाल्याच्या आई मोहिनी आंटींनी आधी हातातल्या लेसची घडी नीट केली. मग म्हणाल्या, "हम लोग तो उधर सब छोड़ के आए, बेटा. जो चल के आ गया, वो अपना."

मी शाळेत मराठी शिकवणारी, कादंबरी तीनदा वाचलेली. मग काय विचारता! दंडाला टेप लावलेला असतानाच मी शहाणपण पाजळलं. म्हटलं, "अजिबात सोडायला नको होती. ज्याला आईसमोर तोंड उघडता आलं नाही, तो चौदा वर्षांनी या काठावर येऊन काय दिवे लावणार आहे?"

ताईंचा टेप क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटलं, दंडाचं माप असेल.

पुढच्या गुरुवारी ट्रायलला गेले, तेव्हा ताई हूक आणायला शेजारी गेल्या होत्या. मापाची वही मशिनीवर उघडी होती. माझं पान. छाती चौतीस, कंबर तीस, बाही साडेनऊ. आणि खाली, त्याच पेन्सिलीने, 'होडी : नको'. मी पानं उलटली. प्रत्येकीच्या मापाखाली तेच. होडी सोडावी. होडी नको. द्रौपदीबाईंच्या पानावर 'सोडावी'च्या खाली दोन रेघा.

ताई परत आल्या, तरी वही माझ्या हातातच होती. त्या रागावल्या नाहीत. हूक डबीत ओतले आणि मशिनीसमोर बसून, जणू दुसऱ्या कुणाचं तरी सांगावं तसं, सगळं सांगून टाकलं. तेविसाव्या वर्षी मोरिवलीच्या एका कंपनीतल्या फिटरवर, कैलासवर, त्यांचा जीव जडला होता. 'रविवारी आईला घेऊन येतो,' म्हणाला होता. ताईंनी मोरपंखी ब्लाऊज शिवला, वडिलांनी पेढे आणले, घर संध्याकाळपर्यंत दाराकडे बघत बसलं. कैलास आला नाही. त्याच्या घरी जयभीमवाल्यांची सून नको होती. तो वापीला निघून गेला, तिकडेच लग्न केलं. आता बायको जाऊन तीन वर्षं झाली, आईही गेली. मोरिवलीत राहणाऱ्या बहिणीकडे तो रविवारी येणार होता, आणि बहिणीबरोबर निरोप होता : तू म्हणशील तर दुकानात येऊन भेटतो, शनिवारपर्यंत कळव.

मी घाईने वही मिटून मशिनीवर ठेवली. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं मी आयुष्यभर केलं, पण कुणाच्या वहीत ते लिहून ठेवलेलं पाहिलं नव्हतं. "ताई, मी सिनेमाबद्दल बोलत होते," मी म्हटलं.

"म्हणून तर खरं बोललात, बाई. माझं म्हणून विचारलं असतं, तर सगळ्या गोड बोलल्या असत्या."

त्यांनी मोजलंही होतं. सोडावी, एकोणीस. नको, तेवीस.

रविवारी बदलापूरला घरी मी वह्या तपासत होते. एका मुलाच्या भिकार निबंधाला दहापैकी दहा दिले, तेव्हा कळलं की माझं चित्त मोरिवलीत आहे. मला तेव्हा फार वाटलं, आपलं एक 'नको' कमी असतं तर. सोमवारी दुकान बंद होतं. मंगळवारी शाळा सुटल्या सुटल्या मी तडक अंबरनाथला उतरले.

ताई लेस लावत होत्या. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, "निरोप नाही पाठवला."

मी खाली बसले.

"होडी सोडावी की नको, यावरच तुम्ही सगळ्या भांडलात. ती बाई स्वतः होडीत बसून पलीकडे का गेली नाही, हे बेचाळीस जणींत एकीलाही सुचलं नाही." त्यांनी दोरा दाताने तोडला. "मी गेले. रविवारी, पायी, मोरिवलीला. त्याच्या बहिणीच्या ओट्यावर बसले आणि म्हटलं, त्या रविवारी का आला नाहीस, एवढं माझ्या तोंडावर सांग."

"मग?"

"म्हणाला, भ्यायलो होतो." ताई हसल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. "चोवीस वर्षं एवढंच ऐकायचं होतं, बाई."

सोमवारी दोघं उल्हासनगरला तोच सिनेमा बघायला गेली होती. मी विचारलं, कसा वाटला? मला वाटलं, आता खाडीबद्दल, कंदिलाबद्दल काही ऐकायला मिळेल. ताई म्हणाल्या, बाहीला चुण्या कमी आहेत, आणि पाणी त्यांच्या मनात होतं तेवढं निळं नाही. शेवट त्यांनी पाहिलाच नाही. नायक काठावर येताच दोघं उठली आणि बाहेर येऊन उसाचा रस प्यायली.

मग त्या माझा ब्लाऊज काढायला मागे वळल्या. वही मशिनीवरच होती. या वेळी मी विचारून उघडली. माझ्या पानानंतर पाचसहा पानं सोडून एक नवं पान होतं. गळा साडेपंधरा, खांदा अठरा, छाती चाळीस, पूर्ण बाही. वर नाव नव्हतं. होडीपुढची जागा कोरी होती.

मी बाहेरच्या पाटीकडे पाहिलं. ताईंनी माझ्या हातातून वही घेतली आणि म्हणाल्या, "शर्ट अजून नीट जमत नाही. कॉलर दोनदा उसवली."