बिजागरीची कॅसेट

माझ्या मोठ्या जावेला सगळे बिजागरी म्हणायचे. तोंडावर नाही म्हणायचे, पण तिला ठाऊक होतं. आवाजच तसा होता तिचा, वर्षानुवर्षं तेल न घातलेलं दार उघडावं तसा. तरुणपणी बारा वर्षं सूतगिरणीत होती, तिथला कापूस घशात गेला तो गेलाच. मग साहेबांनी तिला गिरणीच्याच पाळणाघरात आया म्हणून टाकलं. घसा गेलेल्या बाईला पोरं निजवायला ठेवायचं, ही अक्कल कुणाची ते मला अजून कळलेलं नाही.

पण गंमत अशी की पोरं झोपायची. तीस पाळण्यांची खोली, रडण्याचा नुसता बाजार. ही एकेक पोर उचलायची, त्याच्या कानाला ओठ लावायची आणि अगदी खालच्या सुरात गायची. शेजारच्या पाळण्यालासुद्धा ऐकू जाऊ नये, इतकं हळू. तो खरखरीत आवाज जवळून मांजराच्या घुरघुरीसारखा लागत असावा. दुसऱ्या कडव्याला पोर गार.

डोळा मिट गं, पापणी ओढ,
वाऱ्या रे, माझ्या दाराला सोड.

अशी साठेक गाणी तिच्या पोटात होती, आईची, आजीची. एकही कधी मोठ्यानं म्हटलं नाही. "मोठ्यानं करायचं ते भांडण," म्हणायची. "गाणं कानातच सांगायचं असतं, धाकटे."

तिचा एकुलता एक मुलगा नोकरीपायी लांब गेला, तिकडेच लग्न केलं, तिकडेच लेक झाली. पोरगी तीन वर्षांची झाली तरी हिनं पाहिली नव्हती. लोकांची हजार पोरं निजवली, स्वतःची नात एकदाही नाही. एक फोटो होता, त्याच्याशी बोलत बसायची. मी एकदा विचारलं, "काय, झोपला का फोटो?" एरवी माझ्या वरताण बोलणारी बाई, त्या दिवशी फोटो पदराखाली घेऊन आत निघून गेली.

अशात तो टेपवाला आला. मुलांसाठी, घरच्या माणसांसाठी जुन्या गाण्यांच्या कॅसेटी काढायचा. गिरणीत कुणीतरी हिचं नाव सांगितलं. ही आधी नाही म्हणाली. मग तो म्हणाला, "आजी, कॅसेट कुठंही जाते. घरोघरी." झालं. लगेच पदर खोचून तयार.

"सुट्टीत येणार आहेत ती," मला वाटेत सांगत होती. "तोवर पोरीला माझा आवाज ओळखीचा होईल. परकी म्हणून रडायची नाही."

तेवढंच हवं होतं तिला. जास्त काही नाही.

स्टुडिओ म्हणजे भिंतींना गाद्या लावलेली खोली, आणि काचेपलीकडे टेपवाला आणि त्याचे दोन जोडीदार. हिनं पहिल्यांदा विचारलं, "पोर कुठंय?"

"कसलं पोर?"

"मांडीवर. कुणाच्या कानात गाऊ?"

त्यांनी उशी दिली. ही बापडी उशीला कुशीत घेऊन गायली. काचेपलीकडे काही पोचेना. टेपवाला आत आला, उशी काढून घेतली, तिला माईकपासून चार पावलं मागे उभं केलं. "आजी, घसा मोकळा सोडा. एकदम वरच्या पट्टीत."

"वर जात नाही रे तो."

"जाऊ द्या हो!"

तिनं सोडला. पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज निघाला. माझ्या दातांना कळ लागली. काचेपलीकडे दोघं हसून लोळत होते. टेपवाल्याचे डोळे मात्र चमकले. "वा! हेच परत म्हणा. आणि शेवटी जरा हसा." ती हसली. "आणखी मोठ्यानं." आणखी मोठ्यानं हसली. कौतुक होतंय असं वाटलं तिला.

दोन महिन्यांनी दोन कॅसेटी आल्या. वर चंद्र, खाली झोपलेलं बाळ. हिच्याकडे वाजवायला काही नव्हतं, माझ्याकडे होतं. म्हटलं, "लावू या?"

"नको. आधी तिच्या कानात जाऊ दे." एक तिनं तशीच पोस्टात टाकली, दुसरी माझ्याकडे ठेवायला दिली.

मी त्याच दुपारी दार लावून ऐकली. गाणी सगळी हिचीच, पण म्हणत होती कुणी मधाळ गळ्याची पोरगी. आणि दर दोन गाण्यांच्या मध्ये, विहिरीत घुमावा तसा जाऊबाईचा आवाज: न झोपणाऱ्या, न जेवणाऱ्या मुलांना न्यायला चेटकीण यायची. "डोळा मिट गं... पापणी ओढ..." आणि मग ते हसणं.

खरं सांगते, आधी मी हसले. मग लक्षात आलं, दुसरी कॅसेट नातीच्या वाटेला लागली होती.

सांगायला हवं होतं. पण ती आळीभर "माझी कॅसेट, माझी कॅसेट" करत फिरत होती. लग्न झाल्यापासून हिच्याच मागे उभी राहिलेली मी. कुठंतरी आत गार वाटलं, खोटं कशाला बोलू? चौथीपर्यंत शिकलेय. मुलाला पोस्टकार्ड लिहिता आलं असतं. पोरीला कॅसेट ऐकवू नका. चार शब्द. नाही लिहिले.

सुट्टीत ती सगळी आली. जाऊबाई सकाळपासून उंबऱ्यात. पोरगी बापाचं बोट धरून आत आली, टपोऱ्या डोळ्यांची, आजीकडे बघून चक्क हसली. ही गुडघ्यांवर बसली, तिला जवळ ओढलं आणि सवयीनं कानाशी तोंड नेलं.

"आलीस गं माझी बाय?"

पोरीनं जी किंकाळी फोडली! "चेटकीण! चेटकीण!" बापाच्या पायात शिरली, उभ्या उभ्या ओली झाली.

मुलगा हसायला लागला. "अगं आई, मला वाटलं तुला माहीत असेल! मी पहिल्याच दिवशी ओळखला तुझा आवाज. रोज लागते आमच्याकडे."

सून पोरीला उचलत म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका हं, आई. पण तुमच्यामुळे घास तरी जातो हिच्या पोटात. 'लावू का चेटकीण?' म्हटलं की ताट साफ."

जाऊबाई उठली, माझ्या घरी आली आणि म्हणाली, "लाव." दोन्ही बाजू ऐकल्या तिनं, हात मांडीवर ठेवून. संपल्यावर विचारलं, "तू ऐकली होतीस?"

"हो."

"कधी?"

"आली त्याच दुपारी."

"बरं," म्हणाली आणि गेली. शिव्या दिल्या असत्या तर मी सुटले असते.

त्यानंतर आठ दिवस त्या घरात ती बोलली नाही. खोकला आला तरी अंगणात जायची. मुलगा म्हणाला, "आई, पुरे झाला रुसवा." तो रुसवा नव्हता. तिसऱ्या दिवशी पोरगी जवळ येऊन बसली. चौथ्या दिवशी मांडीवर. मग तिथंच झोपायला लागली. ही तिला थोपटायची, ओठ हलायचे, आवाज नाही. मी खिडकीतून बघायचे. गाणं कुठलं ते मला थोपटण्यावरून कळायचं.

निघताना पोरगी आजीच्या गळ्यात पडली. "पप्पा, आजीला बोलता येत नाही?"

मुलानं आईकडे पाहिलं. तिनं मान हलवली, नाही.

"म्हणून चांगली आहे," पोरगी म्हणाली आणि आजीचा मुका घेतला.

गाडी सुटली. खिडकीतून पोरीचा हात हलत होता, आणि ही ओठ घट्ट दाबून हात हलवत होती. सुनेच्या पिशवीत डब्याशेजारी कॅसेट होती. प्रवास लांबचा, वाटेत पोरीला जेवू घालायचं होतं.