पहिल्या हाकेला ओ

तेर गावाहून सकाळच्या एसटीनं मी धाराशिवला कॉलेजला जायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पास झाले तरच पुढचं वर्ष, असं चुलत्यांनी आईला बजावलं होतं. म्हणून दुपारी तास नसला की मी लँग्वेज लॅबमध्ये जाऊन बसायचे.

तिथं हमखास गोंधळ होणारे शब्द जोडीनं यायचे. हेडफोनमधला आवाज वाक्य सांगायचा, ते आपण म्हणायचं. ‘लेंड’ आणि ‘बॉरो’मध्ये मी नेहमी अडायचे. आमच्याकडे साखर द्यायची असो की आणायची, उसनीच म्हणतात. कुणी दिली नि कुणी घेतली, ते वाटी कुठल्या दारातून निघाली त्यावरून कळतं.

कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर आधीच्या एका मुलीच्या सरावाचं रेकॉर्डिंग पुसायचं राहून गेलं होतं. यंत्राचं वाक्य झालं की तिचा आवाज यायचा. मी अडायचे तिथंच तीही अडायची. पहिल्यांदा मी दचकले. नंतर तिच्याबरोबरच म्हणू लागले. खरं सांगायचं तर मला तिची सोबत वाटायची.

‘हिअर’ आणि ‘लिसन’ची जोडी आली की मात्र ती थांबायची. जरा वेळानं मराठीत म्हणायची, “ओ, आले.” खुर्ची सरकल्याचा आवाज. यंत्र पुढची वाक्यं सांगत राहायचं, आणि मध्ये नुसता पंखा ऐकू यायचा.

लॅब झाडणाऱ्या मावशींना मी विचारलं.

“ती व्हय? हाक आली म्हणून उठली. दप्तर हितंच टाकून गेली. पुन्हा कॉलेजात दिसली न्हाय.”

“कोण आलं होतं बोलवायला?”

“म्या दारातच बसलेली. कुणीच आलं न्हाय.”

“मग हाक कुणी मारली?”

“आता ते तूच शोध बाई. पाय उचल, फरशी पुसू दे.”

घरी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

“दुपारच्या पारी पहिल्या हाकेला ओ द्यायची नसती. माणूस असलं तर दुसऱ्यांदा हाक मारतंयच.”

“आणि नसलं तर?”

“तर मारत न्हाय.”

दुपारच्या परीक्षेला मला नेमका तोच कोपरा आला. जागेवरून उठलं की परीक्षा संपली, असं सरांनी आधीच सांगितलं होतं. ‘हिअर’ आणि ‘लिसन’ची जोडी आली. मी तोंड उघडणार, एवढ्यात दारातून माझं नाव ऐकू आलं. आईचा आवाज. शेताच्या बांधावरून मारते तशी, शेवट लांबवलेली हाक. हेडफोन कानांवर असूनही स्पष्ट.

आई कॉलेजला कधीच आली नव्हती. आज आली असेल तर घरी काहीतरी वाईट झालं असणार. ओ अगदी घशात आली होती. मी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि दुसऱ्या हाकेची वाट पाहिली.

पंखा फिरत होता. दुसरी हाक आली नाही.

मी वाक्य म्हटलं. मग पुढचं, मग त्याच्या पुढचं. संपल्यावर दाराकडे पाहिलं. मावशी उंबऱ्याशीच बसल्या होत्या. मी काही विचारायच्या आत त्यांनी नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी तेरला उतरले तर आई स्टँडवर उभी. ती कधी न्यायला येत नाही.

“दुपारी गावात आलतीस का?” तिनं विचारलं.

“नाही. का गं?”

“तुरीत खुरपत हुते. तू बांधावरनं हाक मारलीस. एकदाच.”

“मग?”

“मग काय? म्या मान वर केली न्हाय.”

आम्ही घराकडे निघालो. उंबऱ्याशी आल्यावर तिनं विचारलं, “परीक्षेत समदं बोललीस का?” मी म्हटलं, “समदं.”

पुढं निकाल लागला. मी पास झाले. चुलत्यांनी शब्द पाळला, आणि मी पुढच्या वर्षाचा एसटीचा पास काढला. आता दुपारी मी किंवा आई, कुणीही कुणाला बोलावलं, तरी आम्ही दोनदा हाक मारतो.